मेंढराच्या म्होरं

बानाबाईला क्रिकेटातलं ओ की ठो कळत नाही, असं तिचा पोरगा बन्सीच म्हणायचा. म्हणू द्या बापड्याला! चेंडूचा टप्पा कुठं टाकायचा, हे त्याला शिकवलं कुणी? या बाईनंच.

बालाघाटाच्या माळावरलं पाणी आटलं, तशी बानाबाई आणि तिचा नवरा आप्पा मेंढरं विकून शहराकडं, कारखान्यांच्या बजाजनगरात आले. आप्पा कंपनीत लागला, एका खोलीत संसार मांडला. मेंढरं गेली तरी बाईचा जीव काही राहीना, म्हणून घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर दोन शेळ्या बांधल्या. शेळी कुणाच्या भाजीत घुसली की ती दगड भिरकवायची, पण जनावराला नाही. दगड पडायचा बरोबर तोंडाच्या म्होरं, आणि जनावर आपसूक वळायचं. "जनावराला लागला तं तुझा दगड वाया गेला," असं ती बन्सीला बजावायची.

पुढं बन्सीनं दगड सोडून चेंडू धरला. कंपनीच्या संघात खेळायचा पगार सुरू झाला, मग राज्याच्या संघात गेला. पोराचा वेग लई, आणि टप्पा तर म्हणाल तिथं. पेपरात फोटो आला तो आप्पानं पाहिला आणि त्याच साली तो गेला.

मग आपल्याच शहरात निवडीचा सामना ठरला. इथं चमकला तर बन्सी थेट वरच्या संघात जाणार होता. बानाबाई जन्मात पहिल्यांदा मैदानावर गेली, सोबतीला शेजारची आवडाबाई. चेंडू फलंदाजाला न लागता गेला की बानाबाई टाळ्या वाजवायची.

"अगं बाई, दांड्या उडाया पायजेत!" आवडाबाई हसून म्हणाली.

"उडतीन की. पर त्या लेकराला लागलं नाय, बघ."

तेवढ्यात एक चेंडू टप्पा खाऊन अस्सा उसळला की फलंदाजाच्या जबड्यावरच बसला. शहराशेजारच्या हर्सूलच्या शेतकऱ्याचा कडूबा नावाचा पोरगा होता तो. गडी जागेवर आडवा. लोकांनी शिट्ट्या मारल्या. बन्सी पळत गेला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग मागं फिरून पुन्हा धावत आला आणि नव्या गड्याच्या दांड्या उडवल्या. बानाबाई उभीच होती, तिला खाली बसायचं सुधरेना.

संध्याकाळी घरी पेढे आले, हार आले. माणसं पांगल्यावर तिनं विचारलं, "त्याच्या घरी कवा जायचं?"

"कुणाच्या?"

आता याला काय म्हणावं! आपल्या दगडानं दुसऱ्याच्या मेंढराचा पाय मोडला, तर त्याच्या दारी जायचं, आपल्या हातानं हळद लावायची, आणि ते उभं राहीस्तोवर चारापाणी आपण करायचं. हे काय सांगायचं असतं?

"आई, चुकून नाय लागला. मुद्दाम टाकला त्यो," बन्सी खाली बघत म्हणाला. "समोरचा भ्याला पायजे. निवडणारे तेच बघतेत."

चुकून लागलं असतं तर हळद होती. मुद्दाम लागलेल्याला काय लावतात, हे बानाबाईला कुणी शिकवलंच नव्हतं.

तरी चार दिवसांनी हळदीची पुडी घेऊन ती हर्सूलला गेलीच. दारात कडूबाची आई मनकर्णाबाई उभी होती.

"मी बन्सीची माय," बानाबाई कशीबशी बोलली.

"या की, आत या! त्यो तं रोज येतो. आत्ताच गेला पेज पाजून."

खाटेवर जबडा बांधलेला कडूबा होता. त्यानं अंगठा वर केला, म्हणजे चेंडू झकास होता म्हणे! बानाबाईला काही उमजेना. मुद्दाम मारणारा बन्सी खरा, की पेज पाजणारा? आणि मार खाल्लेला हा असा खुशीत कसा? तिला पोराचा रागही आला आणि रडूही आलं.

निघताना मनकर्णाबाई फाटकापर्यंत आली. हळूच म्हणाली, "बाई, पुन्यांदा टाकंल का हो त्यो असा? कुणाच्या लेकराला?"

बानाबाईनं हळदीची पुडी तिच्या हातात ठेवली आणि वाट धरली.

बन्सीची निवड झाली. निघायच्या सकाळी बॅग उचलून तो दारातच थांबला. "आई, तू सांग. तसा टाकू का नको?"

"मला काय कळतंय त्याच्यातलं?" ती म्हणाली. तरी तो हलेना. मग तिच्या तोंडून आलं, "म्होरं टाक बाबा. मेंढराच्या म्होरं."

त्यानं ऐकलं. टप्पा तसाच अचूक राहिला, पण त्याला कुणी भिईना. थोड्याच दिवसांत त्याला घरी धाडलं, पोरात मारायची जिगर नाही म्हणे. कंपनीची नोकरी राहिली, तेवढीच.

आता वरच्या संघात कडूबा खेळतो. परवा मायलेक टीव्हीपुढं बसले होते. समोरच्यानं कडूबाच्या तोंडावर चेंडू उसळवला, तसा बानाबाईनं पदर तोंडात धरला. कडूबा खाली वाकून वाचला.

"माझ्यामुळं गेलं का रं तुझं?" तिनं विचारलं. इतकी वर्षं हेच विचारायचं राहिलं होतं.

"व्हय," बन्सी म्हणाला.

मग तो उठला, फडताळातली हळदीची पुडी काढून खिशात घातली. "मी जरा हर्सूलला जाऊन येतो. मनकर्णाकाकूचा पाय मुरगळलाय."