चार गाठींचा रुमाल

आखाती युद्ध सुरू झालं तेव्हा आम्ही रियाधला, अल मलाझमधल्या एका जुन्या इमारतीत राहत होतो. मी एका कंपनीच्या हिशेब खात्यात होतो. सायरन झाला की बायको, सहा वर्षांची मुलगी आणि मी आतल्या खोलीत जायचो. तिथल्या खिडकीला प्लॅस्टिक आणि चिकटपट्टी लावलेली, दाराच्या फटीत ओला टॉवेल. वरच्या मजल्यावर एकटा राहणारा स्पॅनिश इंजिनिअरही खाली आमच्याकडेच यायचा. मुलगी त्याला स्पेन अंकल म्हणायची.

विषारी वायूचा हल्ला होईल, असं सगळेच धरून चालले होते. कंपनीने मास्क दिले होते, पण मुलगी तो घालूच देत नव्हती. तोंडाशी आणला की किंचाळून ओढून काढायची. बायकोने दटावलं, मी चॉकलेट कबूल केलं, एकदा तर दोघांनी धरून जबरदस्तीने घातला. त्यानंतर मास्कची पिशवी दिसली तरी ती पलंगाखाली शिरायची. क्षेपणास्त्रापेक्षा मला याचीच धास्ती जास्त.

एका संध्याकाळी सायरन झाला आणि पुन्हा तेच रडणं. तिचं लक्ष वळावं म्हणून अंकलने मोडक्या इंग्रजीत गोष्ट सुरू केली.

"माझे आजोबा फुटबॉल खेळायचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, आमच्या बंदराच्या गावात. बचावपटू होते. त्यांच्या मागे फक्त गोलरक्षक."

"गोल किती केले?" मी विचारलं. आकडा विचारल्याशिवाय मला राहवत नाही.

"एकही नाही."

"अगं बाई!" मी भाषांतर करून सांगितल्यावर बायको मराठीत म्हणाली. "एकही नाही, आणि नातू छाती फुगवून सांगतोय!"

"मॅडम काय म्हणाल्या?"

"चहा घेणार का, विचारतेय."

मग मी तिला समजावलं, "अगं, कबड्डीत कोपरा धरणारा गडी असतो ना, तसं समज."

आजोबा आठवडाभर जहाजांच्या कारखान्यात पत्रे जोडणारे रिवेट ठोकायचे आणि रविवारी खेळायचे. पंधराएक वर्षं, एकाच संघातून, एकाच जागेवर. तेव्हा बदली खेळाडू नसे. कुणी जायबंदी झालं तर संघ दहा जणांचा. चेंडू चामड्याचा, त्याचं तोंड चामड्याच्या दोरीने आवळलेलं. पावसात भिजला की दगड. उंच आलेला चेंडू डोक्यानेच परतवायचा. त्या दोरीने एकदा आजोबांचं कपाळ फाटलं. त्यांनी रुमालाच्या चारही टोकांना गाठी मारल्या, तो टोपीसारखा डोक्यावर बसवला आणि उरलेला सामना खेळले. पुढे खेळ सोडेपर्यंत रुमालाशिवाय मैदानात उतरले नाहीत.

मी हिशेबाचा माणूस. या माणसाच्या नावावर आकडाच नव्हता. पंधरा वर्षं जे गोल झाले नाहीत, ते कुठल्या रकान्यात मांडायचे? एवढ्यात वर आकाशात कुठेतरी क्षेपणास्त्र अडवल्याचा धडाका झाला, खिडकीचं प्लॅस्टिक फुगून परत बसलं. आम्ही तसेच बसून होतो, धडधाकट.

अंकलने खिशातला रुमाल काढला, चार गाठी मारल्या आणि स्वतःच्या टकलावर चढवला. त्यावरून मास्कचे पट्टे ओढले. मुलगी पलंगाखालून डोकं काढून बघत होती.

"अंकल, तुम्हाला हेअर पुल होत नाही?"

बायकोने झटकन मुलीचा मास्क उचलला. पट्ट्याच्या बकलात तिचे लांब केस अडकून राहिले होते, चांगली बटच. आम्हाला वाटत होतं, ती भितेय.

अंकलने आपला रुमाल उतरवून तिच्या डोक्यावर बसवला, वेण्या आत घेतल्या. रबरी पट्टे कापडावरून सरकन खाली आले. ती हलली नाही. काचेतून डोळे मोठे करून आमच्याकडे बघत राहिली. मी हात जोडले. अंकलला की त्या आजोबांना, मलाच कळलं नाही.

धोका टळल्याचा भोंगा झाल्यावर मी विचारलं, "कपाळ फाटलं तो सामना जिंकले का?"

"हरले. पण गोल डावीकडून झाला. आजोबा उजवीकडे होते."

या वेळी बायको भाषांतराआधीच हसली.

पुढचा सायरन झाला तेव्हा मुलगी आमच्याआधी खोलीत होती. डोक्यावर माझा रुमाल, हातात मास्क. अंकल धापा टाकत आला तर ती दाराच्या उजव्या अंगाला ठाण मांडून बसली होती.

"अंकल, राईट साइड माझी," ती म्हणाली. "तुम्ही लेफ्ट सांभाळा."