खिडकीबाहेरून सांगितलेला णमोकार

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, माहेरी नाही, बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, मूर्तीपुढे हात जोडतानाही नाही. तिथं तर उलट घाईनं डोळे मिटून घेते मी. आज लिहिते आहे. कसं लिहायचं ते मात्र अजून कळत नाही — कुठून धरू?

आमचं गाव निपाणी आणि संकेश्वरच्या मधलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. मी तिथल्याच शाळेत शिक्षिका. आमचं घर जैनांचं, चार जणांत मान असलेलं. त्या मानाबद्दलच खरं तर हे सगळं आहे. पण आधी शांता सिस्टरांबद्दल सांगायला हवं.

सिस्टर सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. विधवा, मूलबाळ नाही. तंबाखूच्या वखारीमागं दोन खोल्यांत भाड्यानं राहायच्या. ख्रिस्ती होत्या. रविवारी दुपारी त्यांच्याकडं पाच-सहा जण उपासनेला जमायचे, पेटीवर गाणी म्हणायचे. एवढंच. गावात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. निदान तेव्हा तरी नव्हतं.

कोरोनाची दुसरी लाट आली तेव्हा दारं बंद करून बसलेल्या गावात ही एकटी बाई घरोघर फिरत होती. पावसाळ्यातला निळा रेनकोट अंगात, तोंडाला दोन मास्क, पिशवीत बोटाला लावायचं ते ऑक्सिजनचं यंत्र. लिंगायतांकडं गेली, मराठ्यांकडं गेली, मुसलमान शिंप्याच्या घरी तर पंधरा दिवस जात होती. कुणी बोलावलं म्हणून नाही. कळलं, की जायची.

आमच्याकडंही अशीच आली.

माझे पती साखर कारखान्यात नोकरीला. ते आजारी पडले आणि त्यांना बेळगावला दवाखान्यात न्यावं लागलं. चारच दिवसांत आत्तींना — म्हणजे माझ्या सासूबाईंना — ताप चढला. बेळगावात एकही खाट रिकामी नव्हती. त्यांना मागच्या खोलीत ठेवलं. घरात मी आणि माझी सहा वर्षांची लेक. मी ताट उंबऱ्याशी ठेवायची आणि मागं सरायची. लेकीसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. पण लेक तर शेजारच्या काकूंकडं झोपायला जात होती. मग कुणासाठी?

भीती वाटत होती. मला, माझ्यासाठी. हे आधी लिहून टाकते.

तिसऱ्या दिवशी सिस्टर आल्या. काही न विचारता आत गेल्या. नंतर आठ दिवस रोज. आत्तींना पुसून काढायच्या, कूस बदलायच्या, घाण काढायच्या. पहिल्याच दिवशी दारातून मला म्हणाल्या, ‘‘बाई, यांचं खायचं कसं कसं असतंय ते सांगा. मला सगळं ठाऊक न्हाय.’’ मी सांगितलं — कांदा-लसूण नाही, पाणी गाळलेलं, आणि दिवस मावळल्यावर तोंडात काही नाही. त्यांनी ते इतकं पाळलं, की एकदा उशीर झाला तेव्हा मुगाचं कढण हातात घेऊन अंगणातून अक्षरशः पळत आत गेल्या. साठी उलटलेली बाई.

आठव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांनी हाक मारली. मी मागच्या अंगणात, खिडकीपाशी. आत आत्तींचा श्वास ऐकू येत होता. तो श्वास मी वर्णन करणार नाही.

‘‘बाई, आत या. आता लई वेळ न्हाय. माझा रेनकोट देते काढून.’’

मी मान हलवली. नाही म्हणून.

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. ‘‘मग तुमचा मंत्र सांगा. त्यांना पायजे असंल की तो. मला येत न्हाय, तुमी म्हणा, तुमच्यामागनं मी म्हणते.’’

मी खिडकीच्या गजांबाहेरून णमोकार मंत्राचा एकेक शब्द सांगितला. णमो अरिहंताणं — आणि आत, आत्तींचं डोकं मांडीवर घेऊन, त्यांच्या कानाशी वाकून, ती ख्रिस्ती बाई एकेक शब्द म्हणत गेली. चुकली की थांबायची, माझ्याकडं बघायची, पुन्हा म्हणायची. आत्तींचे ओठ हलत होते. मध्येच त्यांनी विचारलं, ‘‘ती कुठं हाय?’’ माझ्याबद्दल. सिस्टर म्हणाल्या, ‘‘हाय की. खिडकीत हाय, आक्का. तुमच्यासाठीच म्हणतीया.’’

थोड्या वेळानं त्यांनी आत्तींचे डोळे मिटले आणि मला नुसती मान हलवून सांगितलं.

दुपारी पतींचा दवाखान्यातून फोन आला. धाप लागली होती त्यांना. त्यांनी एकच विचारलं, ‘‘आईजवळ कोण हुतं?’’

मी म्हणाले, ‘‘मी होते.’’

‘‘णमोकार?’’

‘‘मीच म्हटला. कानात.’’

ते रडायला लागले. म्हणाले, तुझे उपकार कसे फेडू. त्या क्षणी मला वाटलं, आजारी माणूस आहे, त्याला धीर मिळाला. बरे होऊन आले की खरं सांगू. ते बरे होऊन आले. मी सांगितलं नाही. मग ते पाहुण्यांना सांगू लागले, पाहुणे आणखी कुणाला. बस्तीत एकदा सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं गेलं — जिवाची पर्वा न करता सासूला समाधानानं निरोप देणारी सून. बायका आपल्या सुनांना माझ्याकडं बोट दाखवून सांगायच्या. मी खाली मान घालायची. लोकांना तो विनय वाटायचा.

आणि सिस्टर? रस्त्यात भेटायच्या. त्यांच्याही कानावर हे गेलंच असणार. ‘‘लेक काय म्हणतीया, बाई?’’ एवढंच विचारायच्या.

इथंच थांबलं असतं तर? तर हा एक खोटेपणा माझ्याबरोबरच गेला असता. पण दीड-दोन वर्षांनी हवा बदलली. काही तरुण पोरांनी एका रविवारी सिस्टरांकडची उपासना बंद पाडली. पेटी बाहेर आणून टाकली. ही बाई आजाऱ्यांच्या घरात शिरून धर्म बदलायला लावते, अशी तक्रार द्यायचं ठरलं. त्यासाठी त्या ज्या ज्या घरी गेल्या होत्या, त्या घरांच्या सह्या हव्या होत्या.

आमच्याकडं माझे चुलतदीर कागद घेऊन आले. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

‘‘वहिनी, ती बाई तुमच्यात आठ दिस येत हुती. काकूच्या डोक्यावर हात ठेवून त्यांच्या देवाचं म्हणत हुती म्हणं. तुमी तर जवळच हुता. खरं काय ते सांगा.’’

पती शेजारीच बसले होते.

खरं काय ते सांगा. किती सोपं होतं. नाही अण्णा, त्यांनी आपला णमोकार म्हटला, एवढं एकच वाक्य. पण पुढचा प्रश्न आला असता, की मग तुम्ही कुठं होता?

मी म्हणाले, ‘‘म्हणत होत्या. मीच त्यांना थांबवलं. आणि मग णमोकार म्हटला.’’

बघा ना, नुसतं हो म्हणून भागलं असतं. ‘मीच थांबवलं’ हे कुणी विचारलं नव्हतं. ते मी स्वतःहून घातलं.

पोलीस ठाण्यात आम्हाला दोन दिवसांनी बोलावलं. सिस्टर बाकावर बसल्या होत्या. साहेबांनी अण्णांच्या कागदावरचा माझा जबाब कन्नडमध्ये मोठ्यानं वाचला आणि सिस्टरांना विचारलं, म्हातारी गेली तेव्हा खोलीत कोण होतं?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. चुकलेला शब्द विचारायला खिडकीकडं बघायच्या, तसंच बघितलं. मग म्हणाल्या, ‘‘ते बाईंनी सांगावं.’’

सगळे माझ्याकडं बघू लागले. त्यांनी मला वाट करून दिली होती. माझी लाज मीच, माझ्या तोंडानं, हवी तेवढी झाकून उघडी करावी अशी. तुम्ही असता तर काय केलं असतं, हे मी विचारत नाही. मी काय केलं ते सांगते.

‘‘मी होते,’’ मी म्हणाले.

सिस्टर त्यानंतर माझ्याबद्दल एक शब्दही बोलल्या नाहीत.

त्या तक्रारीतून पुढं काही निघालं नाही. त्यांना समज देऊन सोडलं. पण घरमालकानं खोल्या रिकाम्या करायला सांगितल्या आणि आठवड्याच्या आत सिस्टर सामान टेम्पोत घालून बहिणीकडं, खानापूरजवळच्या गुंजीला निघून गेल्या. टेम्पो शाळेवरून गेला. मी फळ्याकडं तोंड करून उभी राहिले.

एक गोष्ट लिहायलाच हवी. शिंप्याच्या बायकोकडंही तो कागद गेला होता. तिचा नवरा त्याच लाटेत गेला. ती निरक्षर. अण्णांना म्हणाली, ‘‘तिनं माझ्या नवऱ्याला अंघोळ घातली. मी अंगठा देणार न्हाय.’’ तिचं गावानं काही वाकडं केलं नाही.

पुढच्या वर्षी मी गुंजीला गेले. घरी सांगितलं, खानापूरला शाळेचं प्रशिक्षण आहे. सिस्टर ओसरीवर वाल सोलत होत्या. एक डोळा अधू झाला होता. मी सगळं सांगितलं, म्हणजे सांगायला सुरुवात केली, तर त्याच म्हणाल्या, ‘‘मला काय सांगताय, बाई? तिथंच हुते की मी.’’

मग टोपल्यातले वाल पुढं सोलत म्हणाल्या,

‘‘राग आलता. लई आलता. दोन महिने प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायला जायची आन् जीभ उचलायची न्हाय. आता घेते. रोज घेते.’’ टोपलं बाजूला सारून त्या उठल्या. ‘‘ज्यांना ठाऊक न्हाय, त्यांना सांगा. मला सांगून काय व्हतंय?’’

त्यांनी चहा केला. मी प्यायले आणि परत आले.

त्याला दोन वर्षं झाली. मी कुणालाही सांगितलं नाही. बस्तीत अजून माझं नाव घेतलं जातं, मी अजून खाली मान घालते.

हे लिहिलेलं आज पतींच्या हातात देणार आहे. मग अण्णांच्या. त्यांनी काय करावं, हे मी ठरवणार नाही. अण्णा कागद घेऊन आले त्या दिवशी माझ्यावर दबाव नव्हता. अण्णांनी आवाज चढवला नव्हता, पतींनी डोळे वटारले नव्हते. कागद टेबलावर होता. अण्णांनी खिसे चाचपले, त्यांच्याकडं पेन नव्हतं. मी उठले, पर्समधून माझं काढलं आणि सही केली.