एकदम फिट, दाजी

इंग्रजीचा एकच शब्द येऊन जन्मभर इंग्रजी बोललेला माणूस साऱ्या माळव्यात एकच, तो माझा मेहुणा. मी चौथी शिकलो, तो त्याहून एक इयत्ता कमी. शब्द म्हणजे फिट. पोह्यांत मिरची जास्त पडली, फिट. जावयाला नोकरी लागली, फिट. टोंकखुर्दला एका मयताला गेलो, तर चिता पेटल्यावर हा माझ्या कानात म्हणतो, "लाकडं फिट आहेत, दाजी." मी कोपरानं ढोसलं त्याला.

देवासला त्याचं शिलाईचं दुकान. पण टेप लावायचा नाही. मान तिरकी करून गिऱ्हाइकाकडे बघायचा, की झालं माप. एकाची पँट इतकी तंग शिवली की तो ओरडला, "भिया, बैठूं कैसे?" हा म्हणाला, "तो खड़े रहो ना, फिट दिख रहे हो." तो उभ्यानंच सासरी जाऊन आला म्हणतात.

बहिणीची, म्हणजे माझ्या बायकोची, पोलकी मात्र चाळीस वर्षं त्यानंच शिवली. एकही दुरुस्तीला परत गेलं नाही.

गेल्या साली ही आजारी पडली, पार अर्धी झाली. हा धारला आमच्याकडे आला, खाटेपाशी उभा राहिला. ही म्हणाली, "नातीच्या लग्नाला हिरवं पोलकं शिव रे मला. माप बदललंय आता."

"काही बदललं नाही, अक्का. फिट आहेस तू."

आणि जुन्याच मापानं शिवून आणलं. बारीक कापायला हात धजला नाही त्याचा. मला कळलं.

लग्नाआधीच ही गेली. सवाष्ण गेली, म्हणून माहेरचं लुगडं नेसवलं आणि तेच पोलकं घातलं. खांद्यावरून उतरत होतं. बायकांनी मागून टाके घातले. मेहुणा दारात उभा होता. शिंपी असून सुई मागितली नाही त्यानं.

आता दर रविवारी बसनं येतो. पण तो शब्द काही तोंडातून निघत नाही. चाळीस वर्षं त्या शब्दानं माझं डोकं उठवलं, आणि आता मीच तो ऐकायला बसतो. परवा मुद्दाम पोहे केले. मीठ दोनदा पडलं. "कसे झालेत?" विचारलं. सगळे खाल्ले आणि म्हणाला, "ठीक."

मग खिशातून टेप काढला. टेप! "उभे राहा दाजी, सदरा शिवतो तुम्हाला." छातीला दोनदा लावून बघितला. "वाळलात तुम्ही."

"जुन्याच मापानं शिव," मी म्हटलं. "भरेन मी."

त्यानं टेप हळूहळू गुंडाळला आणि किती दिवसांनी मान तिरकी करून माझ्याकडे बघितलं.

सदरा घेऊन येईल तेव्हा तो शब्द बोलेल. मी दोन वेळ जेवतोय सध्या.