आसनाला आखूड

डोंगरावर जायला पँट कशी घ्यावी, असं मला कुणी विचारलं की त्याचा अर्धा तास गेलाच म्हणून समजा. माझ्याकडे सात आहेत. कापड ताणलं जायला हवं, भिजलं तर तासाभरात वाळायला हवं, गुडघ्याशी जरा सैल हवं, खिशांना चेन हवी. आणि जीन्स घालून गडावर येणाऱ्याला पायथ्यावरूनच घरी पाठवायला हवं. चाळिशीनंतर डोंगर चढायला लागलेल्या बाईच्या अंगात जेवढा शहाणपणा येतो, तेवढा सगळा माझ्या अंगात आला आहे. त्यामुळे गेल्या वर्षी आईनं रामशेज चढायचं ठरवलं तेव्हा तिच्या पँटचं खातं मी परस्पर माझ्याकडे घेतलं.

आईचं शेत मखमलाबादच्या पुढे. झेंडू, शेवंती, मधल्या वाफ्यांत मेथी नाहीतर कोथिंबीर. बांधावर कुठंही उभं राहिलं की समोर रामशेज. अठराव्या वर्षी लग्न होऊन आली तेव्हापासून तो तिच्या डोळ्यांपुढे आहे; त्याच्या माथ्यावरचे ढग बघून ती आज फुलं तोडायची की नाही ते ठरवते. पण पन्नास वर्षांत एकदाही वर गेलेली नाही. ‘तिथं काय काम व्हतं माझं?’ असं तिचं साधं उत्तर. मग डाव्या गुडघ्यानं दगा दिला. दिवाळीचा झेंडू निघाला की गुडघा बदलू, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना गाडीतून तिनं रामशेजकडे बोट केलं.

‘नव्या गुडघ्यानं काय, कुणी बी चढंल,’ ती म्हणाली. ‘मला माझ्या सोताच्या गुडघ्यानं एकदा वर जायचंय.’

डॉक्टरांना विचारलं तर ते हसले. काठी घ्या, सावकाश जा, म्हणाले.

अडचण साडीची होती. श्रावणात बांधावर साडीच्या काठात पाय अडकून ती एकदा पडली होती, आणि बांध म्हणजे काही गड नव्हे. पँट घालशील का, हे विचारायला मी दोन दिवस धीर गोळा करत होते. तो वाया गेला. आमच्याकडे शेतात काम करणाऱ्या बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात. ऊन लागत नाही, हात खरचटत नाहीत. वडील जाऊन सहा वर्षं झाली, त्यांचे शर्ट आईला अजून पुरतायत. पँटी मात्र कधी तिच्या वाट्याला आल्या नाहीत. त्या बुजगावण्याला जायच्या.

‘शर्ट चालतो, मग पँटीनं काय पाप केलंय?’ ती म्हणाली.

मी तिला कॉलेज रोडच्या एका मोठ्या दुकानात नेलं. तीन पँटी निवडल्या, प्रत्येकीचे गुण समजावून सांगितले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्यातली एक घालून बाहेर आली. वर वडिलांचा चौकडीचा शर्ट. पदर नव्हता, तरी हात सारखा खांद्याकडे जात होता. आरशाकडे तिनं बघितलंच नाही. मी म्हटलं, ‘बरी वाटते?’ तर ती दुकानाच्या मधोमध खाली बसली. उजवा गुडघा मुडपून, दुखरा डावा पाय बाजूला लांब करून. खुरपणीला ती हल्ली अशीच बसते. तशीच बसल्या बसल्या ती फरशीवरून दोन हात पुढे सरकली. हातात खुरपं तेवढं नव्हतं.

‘आसनाला आखूड हाय ही,’ ती खालूनच म्हणाली. शेतात हाक मारायच्या आवाजात.

आसन म्हणजे पँटचे दोन पाय जिथं जोडलेले असतात ती जागा. शिंप्याचा शब्द. ज्या जागेचं नाव चारचौघांत घेता येत नाही, तिला त्यानं केवढं सभ्य नाव दिलं आहे! पण हे मला आत्ता सुचतंय. तेव्हा मला फक्त मोबाइलमधून मान वर काढलेलं एक जोडपं दिसलं आणि ओठ दाबून हसू आवरणारी दुकानातली मुलगी दिसली. मी वाकून आईच्या कानाशी म्हटलं, ‘आई, ऊठ ना. लोक बघतायत.’

ती उठायला गेली तर गुडघा उठू देईना. तिनं कपड्यांची मांडणी धरली, दुसरा हात जमिनीला टेकला. मी हात पुढे केला, पण तोवर ती उभी राहिली होती. आत जाऊन तिनं साडी नेसली, पँट नीट घडी घालून त्या मुलीच्या हातात दिली. गाडीत बसल्यावर म्हणाली, ‘राहू दे पँट. रामशेज कुठं पळून चालला?’

रामशेज पळणार नव्हता. गुडघा चालला होता, आणि हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

मला माझी फार लाज वाटली. माझ्या सातही पँटी मी आरशासमोर उभं राहून घेतल्या होत्या. उतारावर बसकण मारली की त्या ओढतात, मग मी कमरेशी वर खेचते, आणि गड असाच असतो असं समजते. आईनं मात्र पँट घालून आधी काम करून बघितलं. तिच्या जागी दुसरी कुणाची आई असती तर मी कौतुकानं हे चार लोकांना सांगितलं असतं. स्वतःच्या आईला मी ऊठ म्हणाले. पुढच्या रविवारी तेवढंच बोलायला म्हणून शेतावर गेले, तर दसऱ्याचा झेंडू तोडायला पंधरा बायका आलेल्या. सगळ्यांदेखत माफी कसली मागणार? पिशवीभर फुलं घेऊन मी परत आले.

दिवाळीच्या आधी तिचाच फोन आला. ‘शिवून घेतली.’

गावात पुरुषांचे लेंगे-पायजमे शिवणारा एक म्हातारा शिंपी आहे. आई त्याच्याकडे एकटीच गेली. बाईमाणसाच्या पँटचं माप कसं घ्यायचं म्हणून तो अवघडला, मापाला जुना कपडा आणा म्हणाला. हिच्याकडे कुठला कपडा? ही त्याच्या ओट्यावर आपली ती खुरपणीची बैठक मारून बसली आणि म्हणाली, ‘आता लांबून टेप धर आन सांग, किती लागंल.’ शाळेच्या गणवेशाचं जाड खाकी कापड, आसनात वेगळा चौकोनी तुकडा, कमरेला नाडी, दोन खोल खिसे. मला घालून दाखवली तेव्हा ती तालुक्याच्या फौजदारासारखी दिसत होती. मी तसं म्हटल्यावर खूश झाली.

झेंडू संपला, ऑपरेशनची तारीख लागली आणि त्याच्या आधीच्या रविवारी आम्ही सकाळी आशेवाडीतून चढायला लागलो. गवत वाळून पिवळं झालं होतं. वाटेतल्या गुहेपाशी टेकलो तर माझ्या पँटला गुडघ्यापर्यंत कुसळं रुतलेली, तिच्या खाकीवर एक नाही. ‘सात सात पँटी, आन कुसळं काढाया आई,’ म्हणत ती माझ्या पायातली कुसळं उपटत बसली. आम्ही दोघी पोटभर हसलो. मला वाटलं, झालं, दुकानातला विषय मिटला.

वरच्या पायऱ्यांशी तिचा गुडघा अडला. एकेक पायरी उंच, कडा झिजलेल्या. काठीवर भार देऊन तिनं दोनदा पाय उचलून बघितला. दोन्ही वेळा तो परत खाली आला. मागून कॉलेजची सात-आठ मुलंमुली आली. आई कडेला सरकली, पण ती पुढे जाईनात. ‘तुम्ही आधी, आजी,’ त्यांच्यातली एक मुलगी म्हणाली आणि सगळी तिथंच थांबली.

आईनं पायऱ्यांकडे बघितलं, मुलांकडे बघितलं. मग माझ्या जवळ येऊन हळूच म्हणाली, ‘बसत बसत गेले तर जाईन मी वर.’ आणि आणखी हळू, ‘तुला चालंल ना गं?’

अंगावर पँट चढवताना तिनं कुणाला विचारलं नव्हतं. शिंप्याच्या ओट्यावर बसताना नाही. इथं मला विचारत होती, परवानगी मागितल्यासारखं. माझा आवाज नको तेवढा मोठा निघाला. ‘आई, त्या दिवशी चुकलं माझं.’

मुलं माझ्याकडे बघायला लागली.

‘बरं बरं,’ ती म्हणाली. ‘ही काठी धर.’ पायऱ्यांकडे पाठ करून ती पहिल्या पायरीवर बसली, दोन्ही तळवे मागे टेकले आणि स्वतःला वरच्या पायरीवर उचलून घेतलं. काठी मी त्या मुलीच्या हातात दिली आणि आईच्या शेजारी बसले.