उजव्या हाताचा मोजा

लोकर विणणाऱ्या बायकांबद्दल माझं मत कधीच चांगलं नव्हतं. चौतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मधल्या सुट्टीत सुया घेऊन बसणाऱ्या बाया मी रोज पाहत होते. त्यांचे स्वेटर कधी पुरे होत नसत, गप्पा मात्र रोज पुऱ्या होत. एका बाईंनी पुतण्यासाठी विणायला घेतलेला स्वेटर शेवटी पुतण्याच्या मुलाला झाला, आणि तोही काखेत आवळ. त्यामुळे निवृत्त झाल्यावर पारनेरच्या बाजारात मी स्वतः सुयांची जोडी आणि राखाडी लोकरीचे दोन गुंडे मागितले, तेव्हा माझी मलाच लाज वाटली. दुकानदारानं "नातवाला का बाई?" असं विचारलं. मी पैसे पुढे केले. लोकर विकणाऱ्याला चौकशा कशाला हव्यात?

लोकर माझ्या धाकट्या भावासाठी होती. त्याचा उजवा हात श्रावणात कडबाकुट्टीत गेला होता. गुरांचा चारा यंत्रात सारताना खिशात मोबाईल वाजला, यानं मान वळवली, आणि करंगळी, तिच्या शेजारचं बोट आणि मधलं अर्धं बोट तुटून गेलं. फोन कुणाचा होता, तर रिचार्ज संपत आल्याची आठवण करून देणाऱ्या बाईचा. तीही टेप केलेली. पन्नाशीच्या माणसाला एवढी अक्कल नसावी याचा मला फार राग आला. रागावणं मला सोपं जातं. रडणं जमत नाही.

नगरच्या दवाखान्यातून सुटल्यावर तो गावी न जाता माझ्याकडे राहायला आला, कारण माझ्या घरापासून ड्रेसिंगचा दवाखाना चालत पाच मिनिटांवर. जखम दोन महिन्यांत भरली. भाऊ मात्र हलेना. दिवसभर ओट्यावर बसायचा, उजव्या हातावर टॉवेल टाकून. गल्लीतलं कुणी आलं की टॉवेल आणखी ओढायचा. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणून जगाला दिसत नाही असं थोडंच आहे? मी हे त्याला तोंडावर म्हणाले. तो म्हणाला, "व्हय."

मांजराचं नाव काढलं म्हणून सांगते, ते संकटही यानंच घरात आणलं. माझ्या घरात बत्तीस वर्षांत मांजर शिरलं नव्हतं. हा तिसऱ्या आठवड्यात एका राखाडी बोक्याला बशीत दूध घालताना सापडला. बोका म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. एक कान फाटलेला, चेहरा सरपंचाचा. मी पिशवीचं दूध ठेवलं तर त्यानं हुंगलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. भावानं गवळ्याचं दूध घातलं तेव्हा प्याला. "त्याला कळतंय," भाऊ म्हणाला, आणि अपघातानंतर मी पहिल्यांदा त्याला हसताना पाहिलं. म्हणून बोका राहिला. नाहीतर मी त्याला झाडूनं वेशीपर्यंत पोचवला असता.

तो माझ्या उशीवर झोपे, माझ्या पेपरवर बसे, आणि मी हाकललं की अशा नजरेनं बघे की जणू घराचा उतारा त्याच्या नावावर आहे. दुपारी मात्र जाऊन भावाच्या मांडीवर पडायचा. टॉवेलाखाली डोकं घालून तो हात चाटायचा. भाऊ चाटू द्यायचा. मला ते बघवत नसे, मी आत जाऊन भांडी आपटायचे.

आता खरी अडचण सांगते. माझा भाऊ गावच्या दूध डेअरीवर माप घालतो. सकाळ-संध्याकाळ लोक दूध आणतात, हा लिटरनं मोजतो, नमुना घेतो, यंत्रावर फॅट बघतो आणि वहीत लिहितो. ऐकणाऱ्याला यात काही विशेष वाटणार नाही. आमच्या वडिलांच्या तरुणपणी आमच्या वस्तीतल्या माणसाच्या हातचं पाणी गाव घेत नव्हतं. पुढे आमच्या घरी म्हैस आली तरी तिचं दूध घेताना लोक नाकं मुरडत. त्याच गावाचं सगळं दूध अकरा वर्षं माझ्या भावाच्या हातानं मोजलं जात होतं. मी शिक्षिका झाले त्याचं वडिलांना कौतुक होतंच, पण हा मापाला उभा राहिला त्या दिवशी ते डेअरीसमोरच्या कट्ट्यावर दोन तास नुसते बसून होते.

ती जागा आता जाणार होती. डेअरीच्या चेअरमननी दिवाळीपर्यंत वाट पाहिली. मग भावजयीचा फोन आला. "वन्सं, पौष लागायच्या आत आलं न्हाईत तर दुसरा मानूस ठेवनार म्हनत्यात. तुमी सांगा की त्यान्ला." मी सांगितलं. तो म्हणाला, थंडीत हात ठणकतो, डेअरीवर सारखं पाण्यात काम. मी म्हटलं, ठणकतो ना, त्याचं बघते. तो ज्या कारणानं जात नव्हता ते कारण मला ठाऊक होतं. मी मूर्ख नाही. विणलेला मोजा ऊब आणि आडोसा अशी दोन्ही कामं करणार होता.

विणणं शिकायला मला शेजारच्या बाईंकडे जावं लागलं, हा या सगळ्यातला सर्वांत कडू घोट. त्यांचे यजमान पाटबंधाऱ्यातून निवृत्त, मुलगा परदेशात, आणि बाई दिवसाला चाळीस लोकांना फुलांची सुप्रभात पाठवतात. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, हा त्यांचा मूळ व्यवसाय, विणकाम जोडधंदा. मी बोटं उघडी राहतील असे मोजे म्हटल्यावर त्यांना ते लगेच कळलं. मला त्यामागचं शहाणपण कळेना. मोजाच घालायचा तर बोटं उघडी कशाला? छत्रीला मधोमध भोक पाडल्यासारखं ते. पण यंत्राची बटणं दाबायची, पेन धरायचं, तर बोटं मोकळी हवीतच.

कृती सोपी होती. बाईंनीच चाळीस टाके घालून दिले. एक सुलट, एक उलट, मनगटापासून वर विणत जायचं, बोटांच्या मुळाशी आलं की टाके बंद. मग पट्टीच्या दोन कडा शिवून टाकायच्या, अंगठ्यापुरती फट सोडून. "दोन्ही मोजे अगदी सारखे होतात बघा, डावा-उजवा फरक नाही," त्या म्हणाल्या. डावा मी तसाच केला. उजवा विणताना बोटांच्या मुळाशी थांबले नाही, आणखी अडीच-तीन इंच पुढे गेले. म्हणजे जिथं बोटं नव्हती तिथंही लोकर आली, आणि वरच्या टोकाला करंगळीकडची बाजू टाके मारून बंद केली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं बाहेर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत सगळं जागच्या जागी आहे. शेजारच्या बाईंनी तो हातात घेतला, उलटा-सुलटा केला, बंद केलेल्या टाक्यांवरून बोट फिरवलं आणि परत दिला. मला ते झोंबलं.

मला त्यात काही चूक वाटली नाही. आमच्या घरचा नियमच तो. वडील मजुरी करत, पण गावात जाताना धुतलेला सदरा घालत. तांब्यात निखारे भरून त्याची इस्त्री करत. "फाटकं आसंल तर घरात. भाईर दिसायचं न्हाई," असं त्यांनी आम्हाला बजावलं होतं. मी शाळेत गेले ती कायम कडक इस्त्रीच्या साडीत. दर सोमवारी चौतीस वर्षं मुलांची नखं तपासली. आमच्या माणसाला बोट दाखवायला कुणाला जागा द्यायची नाही, एवढं एक मला येतं.

विणायला पंधरा दिवस लागले. त्यातले दहा बोक्याशी भांडण्यात गेले. गुंडा खाली पडला की तो पलंगाखाली न्यायचा. सुया ठेवून पाणी प्यायला उठलं की विणलेल्या पट्टीवर येऊन बसायचा, आणि पाय दुमडून, डोळे बारीक करून मलाच विचारायचा की तुझं काय काम. लोकर राखाडी, बोका राखाडी. कुणाचं काय ते कळत नव्हतं आणि मी बघितलंही नाही. मला पौषाच्या आत संपवायचं होतं.

मोजे दिले तेव्हा भावानं डावा घातला, उजवा घातला, उजव्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. "बरं हायेत," म्हणाला. मी लगेच बॅग भरायला लावली. माणसाला विचार करायला वेळ दिला की तो बसतो. बोक्याला शेजारच्या बाईंच्या हवाली केलं आणि त्याच संध्याकाळी एसटीनं आम्ही दोघं गावाला गेलो. सोबत जाण्याचं मला काही कारण नव्हतं. पण तो अर्ध्या वाटेतून परत फिरेल, याची मला खात्री होती.

सकाळी सहाला डेअरी उघडली. गार एवढं की पत्र्यावरून दव टपकत होतं. रांगेत पंचवीस-तीस माणसं, किटल्या, कॅन, डोक्याला मफलर. तीन-चार जणांनी विचारलं, "काय भाऊ, बरं हाय का आता?" यानं मान हलवली. एकानं उगाच मोठ्यानं हसून पाठीवर थाप मारली. त्या थापेत कीव होती ती मी ओळखली, आणि गावाबद्दल माझं जे मत होतं ते पक्कं झालं. मी दाराशी उभी राहून प्रत्येकाची नजर कुठं जाते ते बघत होते. ती मोज्यावर जायची आणि परत यायची. मोज्यानं काम केलं होतं.

पहिले चार-पाच जण झाले. मग माप बुडवताना मोज्याचं ते लांब टोक दुधात जायला लागलं. त्यानं वर ओढलं, परत खाली आलं. बाटलीत नमुना घेताना बाटली घसरली. रांगेत एक म्हातारी होती, दीड लिटर दुधाची मालकीण. ती वाकून बघत होती. म्हणाली, "आरं, मोज्याला केस हायती. दुधात पडत्यात की."

मी पुढे झाले. फेसावर तीन-चार बारीक राखाडी केस तरंगत होते. बोक्याचे. मी, जिनं दर सोमवारी नखं तपासली, तिनं आपल्या भावाला मांजराच्या केसांचा मोजा घालून गावाच्या दुधाशी उभं केलं होतं. सगळी रांग थांबली. आमच्या हातच्या दुधापाण्याबद्दल मी लहानपणी जे ऐकलं होतं ते आता कुणीतरी म्हणेल, याची मी वाट बघत राहिले. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. चाळीस वर्षं तयार होतं.

मागून एकजण ओरडला, "काढ की गड्या तो. मला म्हस सोडायची हाय." बास, एवढंच.

भावाच्या डाव्या हातात किटली होती. त्यानं उजवा हात तोंडाशी नेला आणि मोजा टोकाला दातांनी धरून ओढून काढला. हात सगळ्यांसमोर आला. लालसर, चकचकीत कातडी, दोन खुंट. लोकांनी पाहिलं. श्वास घ्यावा तेवढा वेळ पाहिलं. मग त्यानं डावा मोजाही काढला, केस पडलेलं दूध बाजूला ओतलं, हात धुतले, यंत्राचं बटण दाबलं आणि आकडा सांगितला. त्यावर त्या मघाच्याच गड्यानं भांडण काढलं की त्याच्या म्हशीला एवढी कमी फॅट लागूच शकत नाही. बाकीचे त्यात पडले. तासाभरात दूध संपलं. हातावर कुणी एक शब्द खर्च केला नाही. अशा गावासाठी मी पंधरा दिवस सुया चालवल्या.

रांग संपल्यावर तो नळाखाली कॅन विसळत होता. मी ओला मोजा पिळून हातात धरला होता. म्हटलं, "केसांची चूक माझी. दुसरा करून देते. घट्ट विणते, आणि मांजराला त्या खोलीत येऊच देत नाही."

तो वर न बघता म्हणाला, "आक्का, गावाचं काय न्हाई. तुझ्या घरी मी चार म्हैनं डाव्या हातानं चमच्यानं जेवलो. उजवा ताटाकडं न्हेला की तू मान खाली घालायचीस."

मी पिळलेला मोजा पुन्हा पिळला.

घरी भावजयीनं बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी वाढली. तो माझ्यासमोर मांडी घालून बसला आणि त्याच हाताच्या अडीच बोटांनी भाकरी मोडली. तुकडा एकदा निसटला, त्यानं परत धरला. मी मान वर ठेवली. पहिल्या घासाला जमलं. दुसऱ्याला मान आपोआप खाली गेली, आणि त्याला ते दिसलं.