फर्नांद आत्याचे पाय

फर्नांद वेलेत शाळेची बस चालवते. तेवीस वर्षं झाली. गास्पेझीच्या समुद्रकिनाऱ्यावर हिवाळ्यात बर्फामुळे रस्ता कुठला न् खड्डा कुठला कळत नाही, पण हिची बस एकदाही घसरली नाही. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की ती त्याच्याकडे अशी बघते की तो माणूस बिचारा थेट हवामानावर बोलायला लागतो. भाऊ गेला तेव्हा त्याची पोरगी नोएमी सहा वर्षांची होती. तिला हिनेच वाढवलं.

वेलेतांच्या घरात पाय गप्प बसत नाहीत. आजोबा खुर्चीत बसून फिडल, म्हणजे व्हायोलिनच, वाजवायचे आणि दोन्ही पायांनी खाली फळ्यांवर ताल धरायचे. टाच, चवडा, टाच, चवडा. फिडल कधीच विकलं गेलं, पाय राहिले. फर्नांद बटाटे सोलताना वाजवते, फोनवर बोलताना वाजवते. आणि घरातल्या कुणालाच ते ऐकू येत नाही. स्वतःच्या घरातलं घड्याळ कुणाला ऐकू येतं?

नोएमी गाणी करायची. फ्रेंचमध्ये, नाचायला लावणारी, कीबोर्डवरची. अल्बम करायचा ठरला तेव्हा ती म्हणाली, मी माझ्या घरात गाणार, लाकडी भिंतींत आवाज ऊबदार येतो. बैठकीत माइक लावला, खिडक्यांना गोधड्या लावल्या. शेजारच्या स्वयंपाकघरात फर्नांद वाटाण्याच्या सूपवर लक्ष ठेवत मोजे विणत बसली. तोंडातून चकार शब्द नाही. शिंक आली तर नाक दाबून धरायची. नऊ दिवसांत नऊ गाणी झाली.

दहाव्या दिवशी नोएमीचा आवाज बसला. घशात गाठी निघाल्या. ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, तीन महिने एक शब्द बोलायचा नाही. पुढे गाता येईल का, ते तेव्हा बघू.

म्हणजे आता जे काय होतं ते त्या नऊ गाण्यांत होतं.

ती गाणी माँट्रियलला लुडोविककडे गेली. तो आवाज साफ करून, बाकीची वाद्यं चढवणारा. आठवड्याने त्याचा फोन आला. नोएमी बोलू शकत नव्हती, म्हणून फर्नांदने घेतला.

"मॅडम, तुमच्याकडे कुणी सुतारकाम काढलं होतं का?"

"नाही. का?"

"सगळ्या गाण्यांत खालून ठकठक येतेय. आवाजात एवढी मिसळलीय की काढता येत नाही."

फर्नांदने खाली बघितलं. पाय चालू होते.

"माझे पाय आहेत ते," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

नोएमीने पाटीवर लिहिलं, *राहू दे ते.* फर्नांदला वाटलं, पोरगी मन राखतेय. त्या दिवसापासून तिने घरात लोकरीचे जाड मोजे घालायला सुरुवात केली. बसताना घोट्यात घोटा अडकवायची. सूप करपलं दोनदा. शेजारीण कोलेत म्हणाली, "तुझं घर हल्ली मेल्यासारखं वाटतं गं."

"तू तुझ्या घरी जा," फर्नांद म्हणाली.

लुडोविकने डोकं लावलं. ठकठक निघत नाही म्हटल्यावर त्याने ड्रमच काढून टाकले आणि सगळी गाणी त्या पायांवर उभी केली. अल्बम आला. आधी जवळच्या मातान गावच्या रेडिओवर, मग माँट्रियलच्या. मग समुद्रापलीकडे फ्रान्समध्येही वाजायला लागला. फर्नांदचा तर विश्वासच बसेना. एका सकाळी बसमध्ये मागून आवाज आला. टाच, चवडा. चाळीस पोरं बर्फाच्या बुटांनी बसचा पत्रा बडवत होती.

"काय चाललंय मागे?"

"मॅडम, नोएमीचं गाणं. तुम्हाला माहीत नाही?"

फर्नांदने बस कडेला घेतली. रडली का, ते कुणी विचारू नये. शाळेला मात्र चार मिनिटं उशीर झाला, तेवीस वर्षांत पहिल्यांदा.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नोएमीच्या घशात नळी घालून बघितलं. म्हणाले, बोल काहीतरी.

"आत्या, मोजे काढ ते," नोएमी म्हणाली. आवाज जरा खरखरीत होता, पण तिचाच होता.

पहिला कार्यक्रम रिमूस्कीच्या सभागृहात ठरला. तिकिटं संपलेली. कार्यक्रमाच्या दिवशी फर्नांद म्हणाली, मी खाली बसून बघेन.

"तू वर बसायचंस."

"मला गाता येत नाही."

"तुला कोण गा म्हणतंय? सहा वर्षांची असल्यापासून मी तुझ्या पायांवर गातेय. ते थांबले की माझा ताल चुकतो. तुला काय वाटलं, मी तुझं मन राखत होते?"

फर्नांदने पिशवीतून जुने चामड्याच्या तळव्याचे बूट काढले. ते तिने सकाळीच पुसून पिशवीत टाकले होते.

रंगमंचावर खुर्ची मांडली, तिच्याखाली फळी टाकली. या वेळी माइकवाल्याने माइक मुद्दाम तिच्या टाचेजवळ ठेवला.

"मॅडम, मी खूण केली की सुरू करा."

"कसली खूण?" फर्नांद म्हणाली. पाय केव्हाच सुरू झाले होते.