सासूबाईंचा नाच मी डिलीट केला

कायमचा डिलीट केलेला व्हिडिओ परत आणता येतो का? कुणाला माहीत असेल तर प्लीज लवकर सांगा. मी किचनमध्ये अडकून पडले आहे.

काल नेऱ्याला चुलतदिराची हळद होती. ऑफिसमुळे मी पनवेललाच थांबले. आज दुपारी नणंदेने, वैशालीने, ज्यात व्हिडिओ बघितल्यावर आपोआप गायब होतात त्या ॲपवर एक व्हिडिओ पाठवला. त्यात माझ्या सासूबाई बँजो पार्टीच्या तालावर नाचत होत्या. पदर खोचून, दोन्ही हात वर करून. मी लगेच स्क्रीन रेकॉर्ड केली.

मी रेकॉर्ड केल्याचं वैशालीला कळवून ॲपने माझी चुगली केली. लगेच तिचा फोन.

"वहिनी, सेव्ह का केलास? पप्पांना जाऊन वर्ष नाही झालं. कुणाच्या हाती लागला तर लोक आईला काय काय बोलतील. आत्ताच्या आत्ता उडव."

मी घाबरून उडवला. ट्रॅशमधूनही.

थोड्या वेळाने, रात्रीच हळदीहून घरी परतलेल्या सासूबाई चष्मा पुसत किचनच्या दारात आल्या. म्हणाल्या, "वैशालीनं मगाशी मलापन झापलं. तुज्या फोनात माझा नाच हाय ना? लगीन झाल्यापासून पयल्यांदा नाचले गं. दाव ना, कशी दिसते मी."

मी म्हटलं, बसा आई, चहा आणते.

चहा दोनदा उकळून झालाय. बाहेर त्यांनी टीव्हीसुद्धा बंद केलाय.

व्हिडिओ परत येत नसेल तर निदान एवढं सांगा. त्या किती छान दिसत होत्या, हे नुसतं तोंडाने सांगितलेलं त्यांना पुरेल का?